तुम्ही विचारलंत म्हणून: इटलीत जाऊन असलं घर?

आमच्या घराचा फोटो पाठवला की पुण्या-लातूरचे नातेवाईक आधी गप्प बसतात आणि मग हळूच विचारतात, "इटलीत जाऊन असलं घर घेतलंत?" त्यांचं काही चुकत नाही. घर म्हणजे हडपसरच्या एखाद्या सोसायटीत खपून जाईल असा दुमजली सिमेंटचा ठोकळा आहे. समोर डांबरी रस्ता, पलीकडे रेल्वे स्टेशन. खरं 'इटालियन' गाव मागच्या टेकडीवर आहे, दगडी भिंती, कमानी आणि घंटाघर असलेलं. ते फोटोत येत नाही.

अलीकडे दुसरा एक प्रश्न वाढलाय. कुणी निवृत्त होतंय, कुणी घरून काम करतंय, आणि सगळ्यांना इटलीतल्या खेड्यात राहायचंय. "कुठलं गाव घ्यावं? तुम्ही कसं ठरवलंत?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदाच लिहिते.

आम्ही राहतो आब्रुत्सोमध्ये, सुलमोनाच्या खोऱ्यात. रोमच्या पूर्वेला, अपेनाइन डोंगरांच्या मध्ये. त्याआधी नऊ वर्षं नवऱ्याच्या नोकरीपायी मिलानमध्ये काढली. 2020 च्या टाळेबंदीत लहानशा फ्लॅटमध्ये आम्ही दोघं आणि पाच वर्षांची मुलगी एकमेकांच्या पायांत येऊ लागलो. महिन्यातून दोनदा रोमच्या ऑफिसात तोंड दाखवलं तर बाकी काम कुठूनही केलेलं चालेल, हेही तेव्हाच कळलं. पुढच्या वर्षी घर शोधायला निघालो.

पहिलं घर जवळजवळ घेतलंच होतं. डोंगरावरचं गाव, खिडकीतून अख्खं खोरं, हातभर जाडीच्या दगडी भिंती, तळघरात द्राक्षाची जुनी पिंपं. किंमत आमच्या मिलानच्या दोन वर्षांच्या भाड्याहून थोडी जास्त. मालक अकरा. दोघं अर्जेंटिनात, एक कॅनडात, एकाचा पत्ताच नाही. आब्रुत्सोतून पिढ्यान् पिढ्या माणसं अमेरिका खंडात गेली आणि घरं वारसांच्या नावावर तशीच राहिली. आमचा नवरा राजापूरचा. त्याच्या घराच्या सात-बाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत. अकरा ऐकून घाबरायचं सोडून तो माहेरी आल्यासारखा खुलला. कातास्तो म्हणजे इथलं जमीन-घरांचं दफ्तर. त्यात नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. नोतायो, म्हणजे खरेदीखत करून देणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ, मागच्या वीस वर्षांचे व्यवहार तपासतो, तेव्हा कुठे खरेदीखत होतं. नवरा म्हणाला, हे आपल्याला जमेल, याचा सराव आहे.

मला मात्र त्या घरात झोप लागली नसती. भिंतीवर हात ठेवला तर गिलाव्याचा पोपडा निघाला आणि आत दिसले गोटे आणि त्यांच्यामधली मऊ, बोटानं उकरता येईल अशी चुन्याची माती. ती भिंत मी आधी पाहिलेली होती. माझं आजोळ औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून जवळ. 30 सप्टेंबर 1993 ला मी आठ वर्षांची होते, लातूरला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, दिसायला भक्कम. आजी वाचली, पण पुनर्वसनातल्या पक्क्या घरातसुद्धा ती शेवटपर्यंत अंगणात बाज टाकून झोपली.

इथल्या भूकंपांचा हिशेब पाहा. लाक्विला, 6 एप्रिल 2009, पहाटे 3:32, 309 मृत्यू. आमात्रिचे, 24 ऑगस्ट 2016, पहाटे 3:36, आमात्रिचे आणि आसपासच्या गावांत मिळून 299. आमात्रिचेत जुन्या कच्च्या दगडी भिंतींवर नंतरच्या काळात काँक्रीटची जड छपरं घातली होती. म्हणजे माळवदच, फक्त सिमेंटचं. इकडच्या पर्यटनाच्या फोटोंत हमखास असणारं सांतो स्तेफानो दि सेस्सानियो हे गाव घ्या. त्याचा शतकानुशतकं उभा असलेला बुरूज 2009 च्या त्या पहाटे कोसळला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारताच, की मग भूकंपाच्या प्रदेशात गेलीसच कशाला? इटलीत भूकंपाचे चार झोन आहेत, पहिला सर्वांत धोक्याचा. सुलमोना पहिल्यात आहे. सार्डिनिया चौथ्यात, बुटाच्या टाचेतला सालेंतोही चौथ्यात. सालेंतोला आम्ही गेलो होतो. सपाट, उजेडाचा, गोड प्रदेश. पण शेकडो एकर ऑलिव्ह उभ्या उभ्या वाळलेले. 2013 मध्ये तिथे झायलेला नावाचा जिवाणू सापडला आणि त्यानं शतकांचे वृक्ष मारले. शिवाय तिथून रोम फार लांब. सार्डिनियाला तर मध्ये समुद्रच. नवऱ्याच्या महिन्यातल्या रोमच्या दोन खेपा विसरून चालणार नव्हतं.

आणि मला भीती नकाशाची नव्हती, भिंतीची होती. हे मला नॉर्चा या गावानं शिकवलं. आमात्रिचेनंतर दोनच महिन्यांनी, 30 ऑक्टोबर 2016 ला, नॉर्चाजवळ त्याहून मोठा धक्का बसला. गावातलं सेंट बेनेडिक्टचं चर्च पडलं, पण त्या धक्क्यात ढिगाऱ्याखाली सापडून कुणी दगावलं नाही. 1979 आणि 1997 च्या भूकंपांनंतर तिथली बरीच घरं नीट बांधून, आवळून घेतली होती, आणि ऑगस्टपासून पुष्कळ लोक बाहेर राहत होते. म्हणून मी नवऱ्याला एकच अट घातली: घर 2009 नंतरचं हवं. लाक्विलानंतर, जुलै 2009 पासून, बांधकामाचे नवे भूकंपविषयक नियम सक्तीचे झाले. आमचा ठोकळा 2011 चा आहे. सुंदर घर बघायचं असेल तेव्हा आम्ही वर फिरायला जातो.

पण गाव निवडण्यात घर हा सोपा भाग आहे. माणसं उन्हाळ्यात येतात आणि गावाच्या प्रेमात पडतात, तिथे फसतात. ऑगस्टमधलं इटालियन खेडं म्हणजे गणपतीतलं कोकण. रोम-मिलानचे, कॅनडा-बेल्जियमचे चाकरमानी घरी आलेले, रात्री एकपर्यंत चौकात मुलं, बँड, संताची मिरवणूक. सप्टेंबरात कड्या लागतात. म्हणून आम्ही नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी गेलो, पाऊस असताना. वरच्या गावात एक बार उघडा होता, त्यात चार म्हातारे पत्ते खेळत होते. किराण्याच्या दुकानावर पाटी: गुरुवार आणि शनिवार. डॉक्टर आठवड्यातून एकदा. औषधाचं दुकान खालच्या गावात.

आणखी एक गोष्ट पाहायला शिका. इथल्या गावांत भिंतींवर मृत्यूची पत्रकं लावतात, नाव, वय, अंत्यविधीची वेळ. आपल्याकडच्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या फ्लेक्सची साधी, काळ्या चौकटीची बहीण. मी ती वाचत सुटले: 91, 88, 94, 90. मूल झालं की दाराला फीत लावतात, मुलीसाठी गुलाबी, मुलासाठी निळी. वरच्या गावात मला एकही फीत दिसली नाही. खाली स्टेशनच्या गावात एका दाराला पावसानं विटलेली गुलाबी फीत होती. सहा वर्षांच्या मुलीची आई अशा वेळी दुसरा पुरावा मागत नाही. वरची शाळा कधीच बंद पडली आहे. खालच्या शाळेत दोन-दोन इयत्ता एका वर्गात बसतात, पण मुलं आहेत.

भावनेवर भरवसा नसेल त्यांच्यासाठी सरकारी पट्टीही आहे. 'आरे इंतेर्ने', म्हणजे आतल्या, दुर्गम भागांच्या धोरणासाठी इटलीनं देशातल्या प्रत्येक नगरपालिकेची वर्गवारी केली आहे. निकष मला फार आवडतात: उच्च माध्यमिक शाळा, तातडीच्या उपचारांचं रुग्णालय आणि बऱ्यापैकी रेल्वे स्टेशन, या तिन्हींपर्यंत पोचायला गाडीनं किती मिनिटं लागतात. निसर्गरम्यतेला शून्य गुण. गावाचं नाव घालून वर्ग बघा, अर्धे वाद तिथेच मिटतात. मात्र आज आहे ते उद्या असेलच असं नाही. वर्षाला 500 पेक्षा कमी बाळंतपणं होणारा प्रसूती विभाग बंद करावा असा इथला दंडक आहे, आणि सुलमोनाच्या विभागावर ती टांगती तलवार वर्षानुवर्षं आहे.

स्टेशनाचं महत्त्व आम्हाला लायसन्समुळे कळलं. भारताचा आणि इटलीचा लायसन्स बदलून देण्याचा करार नाही. इथले रहिवासी झाल्यावर भारतीय लायसन्स एक वर्ष चालतं, मग पहिलीपासून परीक्षा. मिलानमध्ये मेट्रो होती, त्यामुळे आम्ही त्याकडे फिरकलोच नव्हतो. लेखी परीक्षा इटालियनमध्ये (सीमेवरच्या अल्पसंख्याकांसाठी जर्मन आणि फ्रेंच, इंग्रजी नाही). 30 विधानं, 20 मिनिटं, बरोबर की चूक ते सांगायचं, तीनच चुका माफ. विधानं अशी वळणावळणाची की पुण्यात बारा वर्षं स्कूटर चालवलेली मी पहिल्या खेपेला आपटले. पास होईपर्यंतचे आठ महिने आम्ही आगगाडीवर काढले. डोंगरावर असतो तर दुधासाठी शेजाऱ्यांच्या पाया पडलो असतो. रोमला आगगाडीनं अडीच-तीन तास लागतात, बस लवकर जाते. त्याच लोहमार्गावर कोकुल्लो आहे. तिथे दर 1 मे ला संताच्या मूर्तीवर जिवंत साप सोडून मिरवणूक काढतात. बत्तीस शिराळ्याची आठवण आल्यावाचून राहत नाही, आणि तो दिवस तरी त्या गाडीत उभं राहायलाही जागा नसते.

बाकीचं भराभरा सांगते. थंडी: इटलीत हवामानाचे ए ते एफ असे वर्ग आहेत आणि घर कधी तापवायचं हे त्यावर ठरतं. ई वर्गात साधारणपणे 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल, दिवसाला 14 तास. एफ, म्हणजे उंच डोंगरात, मर्यादाच नाही. ते ऐकून आनंद होण्यापूर्वी गॅसची पाइपलाइन आहे का ते विचारा. नसेल तर टाकी, लाकूड किंवा पेलेटची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्यांची) शेगडी, आणि त्याची पोती जिन्यावरून तुम्हीच चढवणार. शेत: महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, इथे लागत नाही. पण लागूनच जमीन असलेल्या कसणाऱ्या शेतकऱ्याला ती विकत घेण्याचा पहिला हक्क असतो. त्याला डावलून व्यवहार केलात तर तो नंतर ती मागू शकतो.

एक युरोची घरं: आमच्या शेजारच्या प्रातोला पेलिन्यानंही ही योजना काढली होती. त्यात युरो ही सर्वांत स्वस्त वस्तू. ठराविक मुदतीत दुरुस्तीची हमी, बहुधा अनामत, नोतायोचं शुल्क, आणि मग खरा खर्च. गंमत म्हणून करणाऱ्यांनी करावं. डोक्यावर छप्पर हवं म्हणून येणाऱ्यानं करू नये.

भारतातून थेट येणाऱ्या निवृत्त मंडळींसाठी एक स्वतंत्र व्हिसा आहे. एकट्या माणसाला वर्षाला साधारण 31,000 युरोचं उत्पन्न दाखवावं लागतं, तेही पेन्शन, भाडं, व्याज असं बसल्या जागी येणारं. या व्हिसावर काम करता येत नाही, लॅपटॉपवरचंही नाही. "मी गुपचूप करीन" म्हणणाऱ्या काकांना मी उत्तर देत नाही. परदेशी पेन्शन असलेल्यांना दक्षिणेतल्या लहान गावांत 7 टक्के सपाट कराची सवलत 2019 पासून आहे, आब्रुत्सो त्यात येतो. पण कर वाचतो म्हणून गाव निवडलेली एक जोडी मी पाहिली आहे. दुसऱ्या हिवाळ्यात ती परत गेली. तिथे बोलायला कुणी नव्हतं आणि भाषा शिकायची त्यांची तयारी नव्हती.

आमचीही पहिली ओळख अशीच अपघातानं झाली. पत्त्याची नोंद केली की तुम्ही खरंच तिथे राहता का हे पाहायला नगरपालिकेचा पोलीस घरी येतो. तो आला तेव्हा नवरा पोह्यांना फोडणी देत होता. ठसक्यानं तिघंही खोकत होतो. त्यानं वहीत काय लिहिलं माहीत नाही, पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला आम्ही काय खातो ते कळलं होतं, आणि शेजारच्या नव्वदीच्या आजी हरभऱ्याचं पीठ घेऊन दारात उभ्या होत्या. हे तुम्ही खाता ना, म्हणाल्या.

गेल्या उन्हाळ्यात लातूरहून आई आली. आम्ही तिला वरचं गाव दाखवलं, कमानी, कारंजं, आम्ही न घेतलेलं ते घरही. ती कौतुकानं बघत होती, पण आत जायला तयार होईना. उंबऱ्यातूनच मान वर करून छत बघितलं आणि परत फिरली. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी तिनं व्हरांड्याच्या खांबावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं.

"गज किती सुताचा घातलाय?"

मला सांगता येईना. मी कपाटातून संरचना तपासणीचं प्रमाणपत्र काढलं, इटालियनमधलं, शिक्क्यांचं. तिनं ते उलटसुलट केलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बरं. आता चहा टाक."