आमची वाटचाल: फोटो आत घेण्याचं काम

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती दागिन्यांचे आणि साड्यांचे फोटो काढून देण्यापासून. लग्नसराई आली की ठाण्यातल्या दुकानदारांना सगळं एकदमच हवं असतं आणि फोटो काढण्यापेक्षा मागची पार्श्वभूमी साफ करण्यातच जास्त वेळ जातो.

२०२३ च्या सुरुवातीला कम्फीयूआय हे एआयनं चित्रं बनवायचं आणि सुधारायचं सॉफ्टवेअर गिटहबवर, म्हणजे प्रोग्राम सगळ्यांसाठी ठेवायच्या संकेतस्थळावर, आलं आणि आमच्या कामाची रीतच बदलली. यात प्रत्येक कामाचा एक नोड, म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन, असतो. नोड तारांनी जोडत जायचे आणि एकदा जमलेली साखळी पुढच्या फोटोंना लावायची. सॉफ्टवेअर मोफत आहे, खुलं आहे आणि आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं. गिऱ्हाइकाचे बाजारात न आलेले नमुने गाळ्याबाहेर जात नाहीत, याचं मोल आमच्या धंद्यात फार मोठं.

चर्चा सगळी चित्र बनवणाऱ्या एआय मॉडेलची होते. आमचं काम मात्र अडायचं पहिल्याच नोडपाशी. फोटो आत घेणारा मूळचा लोड इमेज नोड एका वेळी एकच फोटो घेतो, तोही ‘इनपुट’ फोल्डरमधला. शेकडो साड्या असल्या की त्या लांबलचक यादीत हवा तो फोटो शोधत बसायचं. शिवाय फोटो आत येतो, पण त्याचं नाव मागेच राहतं. सेव्ह होताना फाइलला सॉफ्टवेअरचं नाव आणि ००००१ सारखा क्रमांक लागतो. नौपाड्यातल्या आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक ताईंनी नमुना बघून विचारलं, “दादा, फोटो छानच आलेत, पण यातला हा झुमका कुठल्या नंबरचा?” त्यांच्याकडे माल डिझाइन नंबरावर विकला जातो. नंबर नसेल तर फोटो कितीही देखणा असो, उपयोग शून्य.

त्या प्रश्नातून आमचं पहिलं साधन तयार झालं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला नोड ‘कस्टम नोड्स’च्या फोल्डरमध्ये ठेवून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं की तो वापरायला मिळतो. आमचा नोड सांगाल तो फोल्डर उपफोल्डरांसकट वाचतो, १ नंतर १० न घेता २ घेतो आणि फाइलचं नाव शेवटच्या सेव्हपर्यंत सोबत नेतो.

सर्वांत जास्त जीव ओतला तो पारदर्शक पीएनजीवर, म्हणजे पार्श्वभूमी कापून टाकलेल्या फोटोंवर. मूळचा नोड रंग आणि पारदर्शकता वेगवेगळी करतो. रंगाच्या चित्रातून पारदर्शकता निघून जाते, त्यामुळे कापलेल्या भागाखाली दडलेला रंग वर येतो आणि मोत्यांच्या कडेला काळपट रेघ दिसते. मास्क, म्हणजे कुठला भाग धरायचा ते दाखवणारं काळं-पांढरं चित्र, तोही उलटा मिळतो: रिकामी जागा पांढरी आणि दागिना काळा. नवीन मुलं इथे हमखास गोंधळतात. आमच्या नोडमध्ये दागिना आधी तुम्ही निवडलेल्या रंगावर बसतो आणि मास्क सरळ बाहेर येतो. मोत्याची कड स्वच्छ दिसली की मला आजही मनापासून आनंद होतो.

पुढे आयफोनचे एचईआयसी फोटो थेट वाचायची सोय केली, कारण दुकानदार तेच पाठवतात. वेगवेगळ्या मापांचे फोटो एका बॅचमध्ये बसत नाहीत, म्हणून आम्ही ते एकामागून एक सोडतो, कुठेही काटछाट न करता. काही बदललं नसेल तर कम्फीयूआय तो नोड पुन्हा चालवत नाही. त्यामुळे फोल्डरमध्ये नवा फोटो पडल्याचं त्याला कळावं, म्हणून फाइलींची नावं आणि वेळा आम्ही दर वेळी तपासतो.

साधनं आम्ही मोफतच देतो. पैसे घेतो ते गिऱ्हाइकाच्या कामाप्रमाणे साखळी बसवून देण्याचे आणि वर्षभराच्या देखभालीचे. आता रबाळ्याहून यंत्रांचे सुटे भाग बनवणारेही येतात. त्यांच्या भागांवर नंबर कोरलेला असतो, तो फोटोतून वाचून फाइलच्या नावात आणायचं काम सध्या चालू आहे. तुमच्याकडे असा फोटोंचा ढीग असेल तर हार्ड डिस्क घेऊन गाळ्यावर या; तुमच्याच फोटोंवर चालवून दाखवतो.