प्रश्न छोटा कर गं!

टीव्हीवरच्या निवेदिकेच्या ऑडिशनचा माझा पहिला प्रयत्न एका क्रियापदाने घालवला. कॅमेऱ्याकडे बघून नव्वद सेकंद बोलायचं, प्रॉम्प्टर नाही, विषय दोन मिनिटं आधी हातात. सुरुवात झकास झाली आणि तिसऱ्याच वाक्याला मी म्हणाले, "आता मी तुम्हाला सांगतो..." पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं.

आमच्या सांगली-कोल्हापूरकडं बायकासुद्धा "मी येतो, मी जातो" म्हणतात. आई, आजी, मावशी, सगळ्या तशाच बोलतात. मुंबईत न्यूज चॅनेलच्या डेस्कवर चार वर्षं काढल्यावर ही सवय मोडली असं मी समजून चालले होते. पण घाबरलं की तोंडातून घरचंच निघतं. "चेहरा चालेल, भाषेवर काम करा," एवढं सांगून मला वाटेला लावलं. त्यातलं 'चेहरा चालेल' मला जास्त झोंबलं.

दुसरी संधी दीड वर्षाने आली. कबड्डीच्या थेट प्रक्षेपणासाठी मराठीत बोलणारी, मैदानाच्या कडेला उभी राहून मुलाखती घेणारी मुलगी हवी होती. मी विद्यापीठाच्या संघात डावा कोपरा खेळलेली. चढाईपटूचा घोटा पकडण्यात माझी उमेदीची पाच वर्षं गेली आहेत. ही जागा माझ्यासाठीच आहे, अशा थाटात मी गेले.

बाहेर बाकड्यावर माझ्या शेजारी एक मुलगा बसला होता, गोड आवाजाचा, रेडिओवर काम केलेला. आधी तो आत गेला. बाहेर आल्यावर म्हणाला, "आवडता खेळाडू कोण विचारलं, मग थोडं बोलून दाखवायला सांगितलं." मग मी गेले. मला विचारलं: राखीव क्षेत्र, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांचे पट्टे, कधी खुलं होतं? अव्वल पकडीचे गुण किती आणि कधी? बोनस कधी मिळत नाही? मी धडाधड उत्तरं दिली. झटापट सुरू झाली की राखीव क्षेत्र खुलं. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना पकड झाली तर एक गुण जादा. समोर सहापेक्षा कमी खेळाडू असतील तर बोनस नाही. टेबलामागचे सर कौतुकाने म्हणाले, "अरे वा, हिला येतं की!" त्या क्षणी बरं वाटलं. लोकलमध्ये बसल्यावर राग आला. त्या मुलाला येतं की नाही, हे कुणी बघितलंच नव्हतं.

बायका या क्षेत्रात आत्ता आत्ता आल्यात असं एकजण तिथेच म्हणाले होते. क्रिकेटपटू सी. के. नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू १९७७ साली इंदूरला मुंबई विरुद्ध इंग्लंडचा एमसीसी संघ या क्रिकेट सामन्याचं समालोचन करत होत्या. हे तोंडावर सांगायची हिंमत मला तेव्हा झाली नाही, आता इथे लिहून घेते.

निवड झाली. पुढचे सहा आठवडे प्रशिक्षण. बोलण्याची तयारी असेल असं वाटलं होतं, पण पहिले दोन आठवडे ऐकण्यातच गेले. कानात एक बारीक प्लग, त्याची गुंडाळीदार नळी मानेमागून खाली, कमरेला रिसीव्हरचा डबा. त्या प्लगमधून प्रोड्यूसर सतत काहीतरी सांगत असतो: "कॅमेरा तीनवर बघ, रिप्ले येतोय, थांब, आता बोल." तुम्ही बोलत असता तेव्हाही तो बोलतो. मग उलटी मोजणी सुरू होते, तीस, वीस, दहा, आणि शून्याला तुमचं वाक्य संपलेलं असावं लागतं. मी घरी मोबाईलवर रेल्वेच्या घोषणा लावून त्यावर पेपर मोठ्याने वाचायचा सराव केला. घरमालकीण काकूंनी दोनदा दार वाजवून, बरी आहेस ना, असं विचारलं.

डब्याची वेगळीच गंमत. कपडे निवडणाऱ्या ताईंनी दिलेल्या लांब ड्रेसला कंबरपट्टाच नव्हता. मुलग्यांचं बरं, पँटला अडकवलं की झालं. शेवटी माझी जुनी नी-कॅप मांडीवर चढवली आणि डबा तिच्यात कोंबला. घट्ट बसला. ज्या नी-कॅपने माझा गुडघा वाचवला नाही, तिने नोकरी वाचवली.

रात्री मी जुन्या चित्रफिती बघायचे. २००३च्या क्रिकेट विश्वचषकात मंदिरा बेदी सोनीवर निवेदिका म्हणून दिसायची तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या गल्लीत चर्चा फक्त तिच्या नूडल स्ट्रॅपच्या ब्लाउजची होती. पॅनेलवरचे क्रिकेटपटू तिचा प्रश्न बाजूला ठेवून आपल्याला हवं ते बोलायचे, हे तिने पुढे स्वतः सांगितलं आहे. आता बघताना माझं लक्ष तिच्या कपड्यांकडे जातच नाही, ती दुसऱ्यांदा प्रश्न कसा टाकते तिकडे जातं. निवेदिका मयंती लँगर फुटबॉलकडून क्रिकेटकडे आलेली. तिचं मला सर्वांत आवडतं ते हे, की दोन माजी खेळाडूंना भिडवून ती स्वतः बाजूला होते. पुण्याची संजना गणेशन सिम्बायोसिसमधून इंजिनीयर झालेली, २०१९च्या विश्वचषकात पडद्यावर होती, म्हणजे मार्च २०२१च्या लग्नाच्या आधीच. तरी आमच्या ऑफिसातले लोक तिची ओळख 'बुमराहची बायको' अशीच करून देतात. २०२४ साली न्यूयॉर्कला पाकिस्तानविरुद्ध जसप्रीत सामनावीर ठरला आणि मुलाखतीला माईक घेऊन तीच समोर होती. काम म्हणून बघितलं तर ते फार अवघड काम आहे, बघा कधीतरी.

मुलाखतीच्या सरावाला आमचे प्रोड्यूसर सर स्वतः हरलेला कर्णधार व्हायचे. मान खाली, एका शब्दात उत्तर. एक दिवस ते लाडात येऊन बोलणारा खेळाडू झाले. मी हसून विषय टाळला तसं त्यांनी थांबवलं आणि जानेवारी २०१६ची ऑस्ट्रेलियातली चित्रफीत लावली. थेट मुलाखतीत क्रिकेटपटू ख्रिस गेल निवेदिका मेल मॅकलॉफलिनशी लगट केल्यासारखं बोलतो, तरी ती मुलाखत पुढे नेते. त्याला पुढे क्लबने दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. "तिच्या जागी तू असतीस तर पुढचा प्रश्न काय विचारला असतास?" एवढंच सर म्हणाले. मला दोन मिनिटं सुचलं नाही.

पण माझी खरी खोड वेगळी होती आणि ती पहिल्या दिवशी, थेट प्रक्षेपणात बाहेर आली.

महिलांचा सामना, शेवटची दोन मिनिटं, एका गुणाचा फरक. विजेत्या संघाची कर्णधार धापा टाकत माझ्यासमोर उभी. कोपराला मॅटवर घासून सालपट निघालेलं, त्यावर घाम. "काय भावना आहेत तुमच्या?" हे विचारायचं नाही, अशी मी शपथच घेतली होती. डेस्कवर असताना पूरग्रस्तापासून विश्वविजेत्यापर्यंत प्रत्येकाला हाच प्रश्न विचारलेला ऐकून मला त्याची शिसारी आली होती. म्हणून मी विचारलं: तुमच्या बाजूला तीनच खेळाडू उरले होते, समोरच्यांची दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई होती, म्हणजे त्यांना गुण घेणं भागच होतं, अशा वेळी डाव्या कोपऱ्याने पुढे न जाता मागे थांबून चढाईपटूला निदानरेषेच्या आत येऊ दिलं आणि मग साखळीने पकड झाली, तर अव्वल पकडीसाठी हा सापळा तुम्ही ठरवून लावला होता का?

ती म्हणाली, "हो."

कानात शांतता. मग सरांचा आवाज, "प्रश्न छोटा कर गं!" तोपर्यंत मोजणी दहावर आली होती.

रात्री मी स्वतःच ती चित्रफीत लावली. माझा प्रश्न बावीस सेकंदांचा, तिचं उत्तर अर्ध्या सेकंदाचं. तो प्रश्न तिच्यासाठी नव्हताच. ऑडिशनच्या टेबलामागे बसलेल्यांना मी अजून उत्तरं देत होते. मला येतं, बघा मला येतं. मुलगी म्हणून पुन्हा पुन्हा परीक्षा घेतली की अशी सवय लागते, आणि तिचा भुर्दंड समोर घामाने निथळत उभ्या असलेल्या दुसऱ्याच मुलीला पडतो.

दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना. तीच कर्णधार, या वेळी शेवटच्या चढाईत हरलेली. मी प्रश्न तळहातावर पेनाने लिहून ठेवला होता, घामाने तो पुसला गेला. माईक तिच्या हनुवटीखाली चार बोटांवर धरला आणि म्हणाले, "ती शेवटची पकड?"

तिने एकदा खाली बघितलं. मग बोलायला लागली. घोटा हातात आला होता, सुटला कसा, उजव्या कोपऱ्याला हाक मारली ती प्रेक्षकांच्या आवाजात पोचलीच नाही, चूक तिची नाही माझी आहे, मी अर्धं पाऊल आधी निघाले. बोलता बोलता तिने हाताने तो घोटा पुन्हा हवेत पकडून दाखवला. माझ्या हाताचीही बोटं माईकवर आवळली होती. कानात मोजणी आलीच नाही. सरांनी जाहिरातीचा ब्रेक पुढे ढकलला होता, हे मला नंतर कॅमेऱ्यावरच्या दादांकडून कळलं.

रात्री आईचा फोन.

"मी सगळं बघत होतो बाई. ती पोरगी किती छान बोलली! पण तू काहीच बोलली नाहीस की गं. दोन शब्द तरी बोलायचेस."