“काही नाही”

“शाळेत आज काय झालं?” या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर मिळतं. “काही नाही.” सकाळी सातला गेलेलं पोर एकला घरी येतं. मध्ये वर्गभर मुलं, चार-पाच बाई, पीटीचे सर, मधली सुट्टी, पाण्याच्या नळावरची ढकलाढकली. आणि झालं काय? काही नाही.

यात पोरांचा दोष नाही. ऑफिसातून आलेल्या नवऱ्याला विचारा, “कसा गेला दिवस?” तोही “नेहमीसारखाच” म्हणून मोजे काढायला लागतो. अख्ख्या दिवसाचा हिशोब दारातच मागितला की कोणाचीही दातखीळ बसते.

प्रश्न बारीक असला तर थोडं जमतं. “डबा कोणाशेजारी बसून खाल्लास?” एवढंच विचारलं, तर लेक एका मैत्रिणीचं नाव सांगते. मग आपसूक, “पण तिनं आज भाजी नाही दिली मला.” इथं “का?” विचारायचं नाही. “का”त जबानी घेतल्याचा वास येतो. “अच्छा, मग?” पुरतं.

माझ्या सासूबाई तर विचारतही नाहीत. त्या स्वतःचंच सुरू करतात. “आज त्या भाजीवाल्यानं मला बनवलं बघ. जुडी वरून हिरवीगार, आतून सगळी सडकी.” की लगेच नात सरसावते, “आजी, आमच्या वर्गात पण एकीनं बनवलं. वासाचं खोडरबर देते म्हणाली, आणि माझी पेन्सिल घेऊन बसली.” मग दोघी मिळून जगातल्या लबाडीवर बोलत बसतात.

पूर्वी पालघरकडची आदिवासी पोरं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला शाळाच कुरणात नेली. नावही साधं, कुरणशाळा. पोरं जिथं आहेत तिथं आपण जायचं. गप्पांचंही तसंच आहे. सोफ्यावर समोर बसवून “बोल” म्हटलं की पोर पायाच्या अंगठ्याकडे बघत राहतं. त्याच्या गप्पांचं कुरण भलतीकडेच असतं.

आमच्याकडे ते हिवाळ्यात मटाराच्या परातीभोवती असतं. शेंगा सोलताना कोणी कोणाकडे बघत नाही, हे फार सोयीचं. लेक आधी कोवळे दाणे तोंडात टाकते, अळी निघाली की किंचाळते, आणि पुढची शेंग फोडता फोडता म्हणते, “आज बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं.” माझ्या ओठांवर एकदम “काय केलंस तू?”, “कोणत्या बाई?”, “किती वेळ?” येतं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा मेसेजही मनात तयार होतो. पण चेहरा मटारावरच ठेवावा लागतो. एकदा का आईच्या भुवया वर गेल्या की गोष्ट तिथंच संपते, आणि उरलेल्या शेंगा मला एकटीला सोलाव्या लागतात.

स्कूटरवरही छान बोलते. पाठीला चिकटून, तोंड न दाखवता. फक्त हेल्मेटमधून निम्मं ऐकू येत नाही, आणि “काय गं?” म्हणून मान वळवली की उत्तर ठरलेलं. “काही नाही.”

बाकीचं मग तुकड्यातुकड्यांनी येतं. थोडं दात घासताना, तोंडात फेस असताना. सगळ्यात जास्त दिवा मालवल्यावर. दिवसभर गप्प असलेल्या पोरीला तेव्हा दोन आठवड्यांपूर्वीची भांडणं आठवतात. ती वर्गाबाहेर का उभी होती, हेही तेव्हाच कळतं. यातला निम्मा हेतू झोप टाळायचा असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी ऐकते. सकाळी व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतात तेव्हा दोघींचे डोळे उघडत नाहीत. ती व्हॅनमध्ये झोपून घेते. मला मात्र स्कूटर चालवायची असते.