बांगड्याचं वय

परवा प्रयोगशाळेत शेजारी बसणारी मुलगी सहज म्हणाली, "लांबीवरून वय? हा तर नुसता अंदाज." मी तिला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मोजलेल्या बांगडा माशांच्या लांबीचे आलेख दाखवत होते. ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

इथे नॉर्वेतल्या बर्गनमध्ये कॉड माशाच्या डोक्यातला ओटोलिथ, म्हणजे कानातला खडा, काढतात, मधोमध तोडतात आणि कडी मोजतात. घोळीचं डोकं खाताना आपल्याला दाताखाली लागतो, तसाच खडा. कडाक्याच्या हिवाळ्यात वाढ मंदावते आणि दर वर्षाचं कडं उमटतं. इतकं स्वच्छ काम बघून मला हेवा वाटतो. पण आपल्या समुद्राला असा हिवाळा कुठे आहे? बांगड्याच्या खड्यावर वर्षं इतकी सरळ वाचता येत नाहीत. मग हातात उरते मोजपट्टी.

आणि मोजपट्टी म्हणजे नुसता अंदाज नव्हे. प्रत्येक सेंटीमीटरला किती मासे ते मांडलं की उंचवटे दिसतात. पहिला यंदाच्या पिल्लांचा, पुढचा त्याआधीच्या पिढीचा. डेन्मार्कच्या मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसनने 1890 च्या दशकात ही वाट दाखवली. मासा जुना होतो तशी वाढ मंदावते आणि उंचवटे एकमेकांत मिसळतात. ते सोडवायला आपल्या संख्याशास्त्रज्ञ भट्टाचार्यांची 1967 ची पद्धत आहे. लांबीच्या लगतच्या दोन गटांतल्या संख्यांचे लॉगरिदम घ्यायचे, त्यांतला फरक मांडायचा. प्रत्येक पिढीची एक उतरती सरळ रेषा निघते, ती शून्याला छेदते तिथे त्या पिढीची सरासरी लांबी. भारतीय माणसाचं हे काम जगभर वापरतात, हे मी तिला जरा जोरातच सांगितलं.

शिवाय इथेही सगळ्या माशांचे खडे कुठे काढतात? थोड्यांचं वय वाचतात, आणि लांबीच्या आधारे ते बाकीच्यांना लावतात.

तरी एक मान्य करायलाच हवं. 1904 साली जन्मलेली हेरिंग माशांची पिढी नॉर्वेच्या जाळ्यांत वर्षानुवर्षं येत राहिली, हे तिथले मत्स्यशास्त्रज्ञ योर्ट यांना कळलं ते खवल्यांवरची कडी मोजून. नुसत्या लांबीवरून इतक्या जुन्या माशांच्या पिढ्या वेगळ्या करता आल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून आली आणि माझे महिन्यांचे आलेख एकाखाली एक लावून बसली. उंचवटा दर महिन्याला थोडा उजवीकडे सरकताना तिला दिसला. मग तिने विचारलं, जून-जुलैच्या जागा रिकाम्या का? तेव्हा मासेमारीला बंदी असते, ट्रॉलर बंदरात उभे असतात, असं सांगताना मला जेटीवर कोसळणारा आमचा पाऊस आठवला आणि पुढचं बोलताच आलं नाही.