विरी गेलेले पीठ

ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, गेली की भाकरी थापताना कडेला चिरा पडू लागतात, आणि ती परातीतून उचलून तव्यावर टाकेपर्यंत हातातच तिचे दोन तुकडे होतात. फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझ्या तीन भाकरी अशा ओळीने मोडल्या. साडेपाच वाजून गेले होते, दोन डबे भरायचे होते आणि सव्वासहाची एसटी गाठायची होती. आमच्या ख्रिस्ती घरात भाकरी करताना प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, म्हणण्याची रीत आहे. ही रीत धार्मिक कमी आणि सोयीची जास्त, हे मला कबूल करायला हवे. सासूबाईंच्या लहानपणी घरात घड्याळ नव्हते; तव्यावरच्या भाकरीला वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि प्रार्थना सुरू करायची, 'आमेन' येईपर्यंत पाणी सुकते आणि भाकरी उलटायला होते, असे त्यांच्या आईने त्यांना शिकवले होते. त्यांनी ते मला शिकवले. त्या सकाळी तिसऱ्या भाकरीचे तुकडे हातात घेऊन मी 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या ओळीवर आले आणि तिथेच थांबले. पुढची ओळ तोंडातून निघेना.

थांबण्यासारखे काही मोठे घडलेले नव्हते. मी ज्या विनाअनुदानित शाळेत शिकवते तिथे सात महिने पगार झाला नव्हता. माझे यजमान ज्या कारखान्यात होते तो बंद पडून दीड वर्ष झाले होते आणि ते आता एका गोदामावर रात्रपाळी करत होते. सासूबाईंची साखर वरखाली होत होती, पतसंस्थेचे कर्ज होते. मालदांडी परवडेनाशी झाल्यावर आम्ही हायब्रीड ज्वारीवर आलो होतो, आणि दळण वाचवावे म्हणून एकदम जास्त दळून आणलेले पीठ डब्यात जुने झाले होते. एवढेच. यातली कोणतीही गोष्ट चर्चमध्ये उभे राहून सांगावी अशी नव्हती.

मला वाटते, विश्वासाला खरा धोका असतो तो याच 'एवढेच'चा. घरात मयत झाली, मोठे ऑपरेशन निघाले, तर चर्चची मंडळी धावून येते. पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करतात, महिला मंडळाच्या बायका आळीपाळीने डबा पाठवतात, आणि माणूस त्या दिवसांत देवाच्या इतका जवळ असतो की नंतर त्या काळाची आठवण सांगताना त्याचा आवाज बदलतो. पण सात महिने न झालेल्या पगारासाठी कोणी डबा पाठवत नाही, आणि पाठवावा अशी अपेक्षाही नसते, कारण ज्यांनी पाठवायचा त्यांच्यातल्या निम्म्यांचे तेच चाललेले असते. अशा दिवसांत विश्वास एका फटक्यात जात नाही. तो डब्यातल्या पिठासारखा राहतो. दिसायला तसाच, रंगाला तसाच, फक्त पाणी घातल्यावर धरत नाही.

त्यात आमच्याकडे साक्ष देण्याची पद्धत आहे. घरगुती प्रार्थनासभेत गाणे झाले की एकेक जण उभा राहतो आणि प्रभूने आपल्यासाठी काय केले ते सांगतो: मुलीचे लग्न जमले, बदली रद्द झाली, गाठ निघाली ती साधी निघाली. मला या साक्षी आवडतात, त्यातला आनंद खोटा नसतो. पण इतक्या वर्षांत 'मी मागितले, मिळाले नाही, तरी आज मी इथे आले आहे' अशी साक्ष मी एकदाही ऐकलेली नाही, आणि ती द्यायला मी स्वतःही कधी उभी राहिले नाही. ती कमीपणाची वाटते. कोणी तरी लगेच, प्रेमाने का होईना, विश्वास कमी पडतो आहे असे सुचवील ही धास्ती असते. मग आपण 'बरे चालले आहे, प्रभूची कृपा' असे म्हणतो आणि खाली बसतो.

त्या सकाळपासून मात्र ती एक ओळ माझ्या मागे लागली. तिच्यात 'भाकर' आहे, ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा तोंडाने म्हटली होती की कानाने ऐकायची राहून गेली होती. मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली बाहेर पडला. हे श्रीरामपूर बंगालमधले, आमच्या जिल्ह्यातले नव्हे. लहानपणी मी मोठ्या अभिमानाने उलटे समजत होते. त्यानंतर भाषांतरे किती तरी झाली, सुधारली गेली, पण आज आम्ही जे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतो त्यात येशू पाच हजारांना देतो ती भाकरच, शेवटच्या भोजनात घेऊन मोडतो तीही भाकरच, आणि 'जीवनाची भाकर मीच आहे' असे म्हणतो तेव्हाही भाकरच. मोडणे हे क्रियापदही आमच्या पंगतीतलेच आहे, कारण भाकरी कोणी कापत नाही. प्रत्यक्षात त्या भोजनाच्या आठवणीत चर्चमध्ये होणाऱ्या प्रभुभोजनाच्या वेळी आमच्या हातावर येतो तो बेकरीतल्या स्लाइसचा सुपारीएवढा चौकोनी तुकडा. सासूबाईंची एक मैत्रीण दर महिन्याला चर्चमधून बाहेर पडताना पुटपुटायची, "भाकर म्हणतात आणि पाव देतात." तिच्या तक्रारीत मला आता अर्थ दिसतो. पाव विकत आणता येतो आणि दोन दिवस पुरवता येतो. भाकरीला मात्र रोज सकाळी हात लावावा लागतो.

'रोजची' हा शब्दही दिसतो तितका सरळ नाही. मूळ ग्रीकमध्ये त्या जागी जो शब्द आहे तो या प्रार्थनेखेरीज जुन्या ग्रीक वाङ्मयात जवळजवळ सापडतच नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या पंडितालाही तो शुभवर्तमाने, म्हणजे येशूची चरित्रे, लिहिणाऱ्यांनीच घडवला असावा असे वाटले होते. कोणी त्याचा अर्थ आजच्यापुरती असा लावतात, कोणी उद्याची, कोणी जगायला लागते तेवढी. मला यातले ग्रीक काही कळत नाही, पण अर्थांच्या या तिन्ही वाटा एका बाबतीत सारख्या आहेत, की त्यांतली एकही वर्षभराची साठवण मागत नाही. बायबलमध्ये अरण्यात इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना नावाचे अन्न मिळत असे तेही असेच मोजून, माणशी एक ओमर या मापाने, आणि ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवले त्यात किडे पडले. (आमच्या घरात शिळ्या भाकरीचे कुटके फोडणी देऊन आवडीने खाल्ले जातात, त्यामुळे ही गोष्ट सांगणाऱ्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायाशी आम्ही पूर्ण सहमत नाही.) मी मात्र त्या सात महिन्यांत देवाकडे जे मागत होते ते आजचे नव्हतेच. शाळेला अनुदान मिळावे, कर्ज फिटावे, मुलाच्या कॉलेजची सोय व्हावी, म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागू नये, असे पुढच्या वीस वर्षांचे दळण मी रोज पहाटे त्याच्यापुढे ओतत होते, आणि ते उचलले गेले नाही म्हणून रोज रात्री खचत होते.

आणखी एक शब्द आहे, 'आमची'. मराठीत 'आपली' आणि 'आमची' यांत जो फरक आहे तो शाळेत शिकवताना मी दर वर्षी फळ्यावर लिहून दाखवते: 'आपली'मध्ये ऐकणारा येतो, 'आमची'मध्ये तो बाहेर राहतो. प्रार्थनेत ऐकणारा देव आहे आणि त्याला भूक नाही, म्हणून ती 'आमची' भाकर. पण ती 'माझी'ही नाही. त्या दिवसांत मला प्रार्थना करता येत नव्हती हे मी कोणाला सांगितले नाही. रात्री कुटुंब प्रार्थनेला मी नुसती भिंतीला टेकून बसत असे, आणि सासूबाई त्यांच्या ठरलेल्या लांबलचक पद्धतीने गल्लीतल्या सगळ्यांची नावे घेत, आजाऱ्यांची, प्रवासातल्यांची, परीक्षेला बसलेल्यांची, आणि शेवटी हीच प्रार्थना म्हणत. त्यांच्या 'आम्हांस'मध्ये मी आहे की नाही, याचा त्यांनी कधी हिशेब विचारला नाही. मी तोंड उघडले नाही तरी माझ्या नावची भाकरी मागून होत होती.

या ओळीमागची भूक कोणाला कळली असेल तर ती पंडिता रमाबाईंना, असे मला नेहमी वाटते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली; रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. दोन वर्षांनी भाऊ गेला, आणखी दोन वर्षांनी पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचे भोग संपले असे झाले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावच्या मुक्तिसदनात ठेवल्या. हे केडगाव दौंड तालुक्यातले, नगरला लागून असलेले नव्हे. नावांच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याचे नशीब काही धड नाही. पुढे त्यांनी सगळे पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणायला घेतले, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत, आणि मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले. काम चालू असताना १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी भाषांतर पुरे केले, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक त्यांच्या धैर्याबद्दल बोलतात. मी विचार करते तो त्या मधल्या महिन्यांचा, मुलगी गेल्यानंतरच्या एखाद्या मंगळवारचा, समोर तपासायला आलेल्या मुद्रितांचा, आणि आजची पाने आज तपासून ठेवणाऱ्या त्या ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचा.

मरगळलेल्या माणसाला देव काय म्हणतो, हे शोधायला मी पुन्हा एलीयाकडे गेले, बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायाकडे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून आलेला हा संदेष्टा, ईजबेल राणीच्या एका धमकीने पळत सुटतो, बैर-शेब्याला चाकराला सोडतो, एकटाच एक दिवसाची वाट रानात चालून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे देवाला सांगतो. सांगतो आणि झोपतो. यावर देवदूत येऊन काय करतो, तर त्याला हात लावून उठवतो आणि खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो, आणि देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही आधी खा, आणि मग कारण, की पुढची वाट तुला झेपणारी नाही. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोहोचल्यावर येतो. आपल्याकडे 'आधी पोटोबा मग विठोबा' असे म्हणून माणसाच्या भक्तीला चिमटा काढतात. इथे तर प्रत्यक्ष देवानेच तो क्रम लावलेला आहे, आणि विश्वासावरचे एक अक्षरही न बोलता.

त्या सकाळी मी ओट्याशी थांबलेली पाहून सासूबाई आतून काठी टेकत आल्या. त्यांनी परातीकडे पाहिले, तव्याकडे पाहिले, माझ्या तोंडाकडे पाहण्याचे टाळले असावे. "विरी गेलीय त्याची," त्या म्हणाल्या. "गार पाण्यानं नाही व्हायचं. आधण ठेव." ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा मुळातच नसतो, पीठ ताजे असेल तर ते कसेबसे धरून राहते, जुने झाले की तेही जाते. पण कढत पाणी पडले की त्यातला स्टार्च चिकट होतो आणि त्याच पिठाची भाकरी होते. मी पातेल्यात पाणी उकळले, चिमूटभर मीठ टाकले, परातीतल्या पिठात आळे करून ते ओतले आणि उलथन्याने कालवून झाकून ठेवले. हात घालण्याइतके निवेपर्यंत पाच मिनिटे गेली. एसटी आता चुकणारच होती, म्हणून मी घाई सोडली. पीठ चांगले पाचसहा मिनिटे तळव्याने रगडले. बोटांना चटके बसत होते, आणि हळूहळू ते हाताला ओढ देऊ लागले. सासूबाई पाटावर बसून मोडलेल्या भाकरीचा एक तुकडा चहात बुडवून खात होत्या.

चौथी भाकरी अख्खी उचलली गेली. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि सवयीने प्रार्थना सुरू झाली, ती पहिल्यापासून नव्हे, जिथे अडली होती तिथून. पुढची ओळ ऋणांची आहे; जसे आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले तशी आमची ऋणे सोड, अशी. पतसंस्थेचा हप्ता दहा तारखेला होता. मी ती ओळ म्हटली आणि भाकरी उलटली.