जर्दाळूला घाई फार!

इथे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात पीच लावायचं तर सरळ ‘रिलायन्स’ घ्या, इथल्याच विद्यापीठाने १९६४ मध्ये आणलेली जात आहे, उणे २५ सेल्सिअसच्या आसपासही कळ्या तग धरतात. खरी गोची जर्दाळूची! झाड थंडीत मस्त राहतं हो, पण वसंतात जरा ऊन तापलं की लगेच फुलतं आणि मग एका रात्री उणे ४ झालं की सीझन खलास. दुपारी फूल ब्लेडने उभं कापून बघा, मधला भाग हिरवा असेल तर वाचलं, काळपट असेल तर गेलं, फार जीव तुटतो तेव्हा. म्हणून दक्षिणेकडच्या गरम भिंतीपेक्षा उत्तर उतार बरा, झाड उशिरा जागं होतं. आणि खोडाला पांढरा रंग माराच, हिवाळ्यातल्या उन्हाने साल तडकते.