तुम्ही विचारलंत म्हणून: चालतंय की, मग कोड तपासायचा कशाला?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात नवीन पोरगं किंवा पोरगी जॉइन झाली की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतोच, "सर, साइट चालतीय, क्लायंट खूश आहे, मग हा स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे कोड नुसता वाचून चुका काढणाऱ्या टूलचा, लाल मजकूर रोज कशाला बघायचा? आणि कोड न चालवताच चूक कळते तरी कशी?" मागच्या महिन्यात तर माझ्या मामानंपण विचारलं, त्याला कॉम्प्युटरचं काही देणंघेणं नाही, पण मी रविवारीपण तेच करत बसलेलो बघून त्याला राहवलं नाही.

मामाला सांगणं सोपं होतं. त्याचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. जॉब तयार झाला की तो भोकात गो-नोगो गेज घालून बघतो, गो बाजू आत गेली पाहिजे आणि नोगो बाजू आत जाता कामा नये, झालं, विषय संपला. त्या जॉबचं पुढं इंजिन होणार की पंप हे गेजला माहीत नसतं आणि इंजिन चालू करून बघायचीपण गरज नसते. म्हणलं मामा, आमचंपण तेच, फक्त भोकाच्या मापाऐवजी आम्ही बघतो की इथं आकडा यायचा होता तिथं अक्षरं तर येत नाहीत ना. "मग एवढ्याला रविवार कशाला घालवतोस," म्हणाला. बरोबर आहे त्याचं.

पण पोरांना नीट सांगायचं तर माझी फजिती सांगावी लागते. २०१९ ची गोष्ट. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानासाठी मी पीएचपीत, म्हणजे वेबसाइटी करायच्या एका प्रोग्रामिंग भाषेत, हिशोबाचं सॉफ्टवेअर केलेलं. शेतकऱ्याच्या गुळाची रक्कम, त्यातनं हमाली, तोलाई वगैरे खर्च वजा, आणि खाली निव्वळ देणं, अशी पट्टी छापायची. एक दिवस सकाळी दिवाणजींचा फोन, "अहो, पट्टीवर वजा सहाशे दोन आलंय. शेतकऱ्याकडनंच येणं दाखवतंय, आणि ते समोर बसलेत." गुळाची रक्कम होती १८,४५० आणि खर्च ६२०. द्यायचे होते १७,८३०.

झालेलं असं की रक्कम छान दिसावी म्हणून मी एक फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, लिहिलेलं, ते आतून पीएचपीचंच नंबर फॉरमॅट वापरून स्वल्पविराम घालून द्यायचं. म्हणजे बाहेर येणारी गोष्ट आकडा नव्हती, "१८,४५०.००" असा मजकूर होता, स्ट्रिंग. आणि मीच आळसानं तेच व्हेरिएबल (नाव लावलेला डबा म्हणा) खाली वजाबाकीला वापरलं. पीएचपी स्वभावानं लई सोशिक, स्ट्रिंग दिसली तरी सुरुवातीला जेवढे अंक सापडतील तेवढे घेतं, स्वल्पविरामाला अडखळलं की थांबतं, मग उरले १८. अठरातनं सहाशेवीस गेले, वजा ६०२. त्यावेळचं पीएचपी सात यावर एक नोटीस द्यायचं, पण ती जायची लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदींच्या फाइलीत, आणि लॉग कोण वाचतं? आता आठमध्ये त्याचा वॉर्निंग झालाय, उत्तर मात्र अजून तेच येतं.

टेस्टिंगला का सापडलं नाही? कारण मी टेस्टिंगला कायम पाचशे रुपये टाकायचो. हजाराच्या खाली स्वल्पविरामच पडत नाही हो! "५००.००" मधनं काहीही वजा करा, उत्तर बरोबर. म्हणजे कोड चालवून बघितला की चालतच होता. म्हणून "चालतंय की" या शब्दावरचा माझा विश्वास त्या फोननंतर उडाला.

आता न चालवता कसं कळतं ते. ऑन्द्रेय मिर्तेस या चेक प्रोग्रामरनं २०१६ मध्ये पीएचपीस्टॅन नावाचं टूल काढलं, आम्ही ते वापरतो. ते कोड वाचतं, त्याच्या रचनेचं फांद्याफांद्यांचं झाड करतं, आणि ओळीओळीला प्रत्येक व्हेरिएबलमध्ये कुठल्या जातीची (टाइपची) गोष्ट, आकडा, स्ट्रिंग की आणखी काही, असू शकते याचा हिशोब ठेवतं. तुम्ही इफ लावून नल, म्हणजे 'काहीच नाही', तर नाही ना हे बघितलंत तर त्या कंसाच्या आत ते नल खोडून टाकतं. पीएचपीच्या स्वतःच्या फंक्शनांची माहिती त्याच्याकडं आधीच असते, नंबर फॉरमॅट स्ट्रिंग देतं हे त्याला पाठ आहे. कडकपणाच्या लेव्हल असतात, शून्याला नसलेला क्लास, नसलेलं फंक्शन असल्या ढोबळ चुका, पाचला तुम्ही फंक्शनला चुकीच्या जातीची गोष्ट देताय का ते, आठला नल. मोबाइल नंबरवरनं शेतकरी शोधला आणि सापडलाच नाही, तरी त्याचं नाव विचारायला गेलात, की पान पांढरं, हा अनुभव पीएचपीवाल्या प्रत्येकाला आहे, तो आठवर पकडला जातो.

मी मोठ्या आशेनं ते जुन्या कोडवर चालवलं. लेव्हल पाचला अकराशेच्या वर चुका. आणि गंमत म्हणजे, ज्या ओळीनं माझी लाज काढली ती ओळ त्यात नव्हतीच! मला वाटलं टूलच बोगस. मग डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही लिहिलेल्या फंक्शनच्या पोटात शिरून ते काय परत देतंय याचा अंदाज हे टूल बांधत नाही, दारावर जी पाटी लावलीय तेवढीच वाचतं. माझ्या फंक्शनला पाटीच नव्हती, म्हणजे "काहीही येऊ शकतं", आणि काहीहीमधनं ६२० वजा करायला त्याची हरकत नव्हती. मी फंक्शनच्या पुढं एक शब्द घातला, स्ट्रिंग. ही पाटी लावायची सोय पीएचपी सातपासनं म्हणजे २०१५ च्या डिसेंबरपासनं आहे, मीच वापरत नव्हतो. सोबत कडक नियमांचं एक्स्टेंशन लावलं, कारण स्ट्रिंगमधनं आकडा वजा करणं मूळ टूल तसं खपवून घेतं. परत चालवलं तर ती ओळ आलीच, वर आणखी तीन ठिकाणी बोंब, त्यातली एक वर्षाच्या एकूण बेरजेत. त्या बेरजेचं काय झालं ते इथं सांगत नाही.

बाकीच्या हजारभर चुकांचं काय केलं? बेसलाइन. म्हणजे जुन्या सगळ्या चुका एका फाइलीत लिहून ठेवायच्या आणि फक्त नवीन चुकीवर ओरडायचं. उधारीची वही म्हणा. वही चांगलीच असते पण फेडायची सवय पाहिजे, आम्ही शुक्रवारी चार-पाच फेडतो, कधीकधी फेडतपण नाही.

टाइपस्क्रिप्टवाल्यांनी (म्हणजे टाइपची पाटी लावलेल्या जावास्क्रिप्टवाल्यांनी) हसू नये. तुमच्याकडं २०१२ पासनं हे आहे, मान्य, पण सर्व्हरवरनं आलेला जेसन, म्हणजे मजकुराच्या रूपातला डेटा, पार्स केला, उलगडला, की हातात येतं ते एनी ('काहीही'), म्हणजे परत बिनपाटीचं दार, आणि ब्राउझरपर्यंत जाताना टाइप सगळे पुसलेले असतात, तिथं तपासणारं कोणी नाही. आणि जावास्क्रिप्टमध्ये आकडा स्ट्रिंगमध्ये आला की अधिकचं चिन्ह बेरीज सोडून चिकटवाचिकटवी करतं, त्यामुळं १८४५० मध्ये ६२० मिळवले की एक कोटी चौऱ्याऐंशी लाखाच्या वर. शेतकरी खूश होईल, दिवाणजी नाही.

हे सगळं पकडतं का? नाही. २०१७ मध्ये एक अभ्यास झालेला, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या जावास्क्रिप्ट प्रोजेक्टांमधले ४०० बग, म्हणजे चुका, घेऊन बघितलं की त्या कोडला टाइप लावले असते तर किती आधीच सापडले असते, तर १५ टक्के. कमी वाटेल. मला वाटत नाही, कारण ते बग बाकी सगळ्या तपासण्यांतनं सुटून पुढं गेलेले होते. टेस्ट लिहाव्या लागतातच, पाचशेपेक्षा मोठ्या रकमेच्या लिहा एवढंच.

आणि एक गोष्ट, याच्यासाठीच खरंतर मी पोरांच्या मागं लागतो. ती चार ठिकाणं दुरुस्त करायला मी एका नवीन पोराला दिली. अर्ध्या तासात "झालं सर," सगळं हिरवं. उघडून बघतोय तर त्यानं प्रत्येक स्ट्रिंगच्या पुढं कंसात फ्लोट, म्हणजे 'हा दशांश आकडा समज', लिहिलेलं. आता पाटीवर आकडा आहे म्हणल्यावर टूल गप्प, ते तरी काय करणार, तुम्ही शपथेवर सांगितल्यावर. आणि असं कास्ट केलं, म्हणजे जबरदस्तीनं जात बदलली, तरी "१८,४५०.००" चे अठराच होतात. मी त्याच्यासमोर पट्टी काढली, वजा ६०२. तो कसनुसा हसला, मग दोघं खाली जाऊन चहा पिऊन आलो आणि सगळ्या रकमा पैशात, पूर्णांकात ठेवायला बसलो, १८,४५० चे १८,४५,०००, आणि स्वल्पविराम घालणारं ते फंक्शन फक्त छपाईच्या पानावर, एकदम शेवटच्या ओळीत.